वहिनींची बारावी

छत्तीस वर्षे घरातल्या सर्वांचा समज होता की फळ्यावरची जाहिरात वाचताना माझी चूक झाली. चूक झाली नव्हती. मी खोटे बोललो होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. दुष्काळ मात्र जुनाच होता. वहिनी दहावी पास, बिलोलीकडच्या. परिचारिका-प्रसाविका व्हायचे त्यांच्या मनाने घेतले होते. "आमच्या गावात नर्सबाई येईपर्यंत बाळ रांगायला लागतंय," असे त्या म्हणत. लातुरात कॉलेजला जाणारा मी एकटाच, म्हणून नव्या जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या फळ्यावर शिक्षणाची अट पाहून येण्याचे काम मला मिळाले.

अट स्पष्ट होती: दहावी उत्तीर्ण. पण प्रशिक्षण नांदेडला, वसतिगृहात राहून. दादा रोजगार हमीच्या कामावर, आईचे गुडघे गेलेले. वहिनी गेल्या तर हापशावर बायकांच्या रांगेत घागर घेऊन मला उभे राहावे लागणार होते. कॉलेजकुमाराला दुष्काळापेक्षा ते संकट मोठे वाटले.

"बारावी लागते," मी घरी सांगितले. विषय संपला असे मला वाटले.

"मग सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो, भाऊजी?" वहिनींनी विचारले.

बाहेरून परीक्षा द्यायचा तो फॉर्म मलाच आणून द्यावा लागला. पालथ्या घागरीवर पुस्तक ठेवून, रांगेत बसून त्यांनी बारावी केली. नांदेडच्या मुलाखतीत बाईंनी विचारले, "आम्ही दहावीवरच घेतो. दोन वर्षं कुठं होतीस?"

घरी येऊन वहिनी हसत सुटल्या. "आमचे भाऊजी लई शिकलेले, पण दहा अन् बारा वळखू येईना!" सगळे हसले. मीही हसलो, बावळट ठरणे सोयीचे होते. त्या नांदेडला गेल्या आणि मी रांगेत उभा राहिलो. "या वहिनी, तुमचाच नंबर हाय," बायका म्हणाल्या.

गेल्या महिन्यात वहिनी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात तो किस्सा त्यांनी रंगवून सांगितला आणि शेवटी सहज म्हणाल्या, "सेवाज्येष्ठता दोनच वर्षांनी कमी पडली, न्हाईतर बढती मिळून आरोग्य सहायिका होऊन घरी गेले असते." सभागृह हसत होते. मला हसता आले नाही.

खुर्च्या उचलू लागल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो.

"वहिनी, मी नीट वाचलं होतं. दहावीच लिहिलं होतं. पाणी भरावं लागेल म्हणून खोटं बोललो. तुमची दोन वर्षं मी घालवली. मला माफ करा."