शिवप्पाचा उभा रुपया

पंपाच्या बेडचा, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीचा, एखादा कोपरा खाली वाटला की त्याच्याखाली पत्र्याची पातळ चकती सरकवतात. मग अजून एक. दर वेळी वाटतं, ही शेवटची. शिवप्पाच्या गोष्टी माझ्याकडे अशाच साठत गेल्या. निवृत्त होऊन बघतो तर चांगला चार बोटं थर झालेला.

शिवप्पा आमच्या पंपहाऊसचा फिटर. अक्कलकोटकडचा माणूस. बोल्ट कानडीत मोजायचा, शिव्या मराठीत द्यायचा. मी तिथला क्लार्क, म्हणून सगळ्यांचा 'भाऊसाहेब'. होटगीच्या पुढे, वस्ती संपते तिथं आमचं पंपहाऊस. नवा पंप आला की शिवप्पा तो पायावर बसवून लेव्हल करायचा आणि मी त्याचा अहवाल लिहायचो. अहवाल कुणी वाचत नसे. पण पंप सुरू झाला की शिवप्पा खिशातून जुना जाड रुपया काढायचा आणि धावत्या पंपाच्या पाठीवर कडेवर उभा करायचा. रुपया उभा राहिला, पंप पास. हे बघायला मोठ्या साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे जमायचे आणि टाळ्या वाजवायचे.

तो रुपया एकदा तरी आपण लावावा, एवढीच माझी इच्छा. एकतीस वर्षं.

*

आमच्याकडे एक साहेब आले होते. हुशार आणि वजनदार, वशिल्याच्या अर्थानं नव्हे, काट्याच्या. शिवप्पा बेडवर लेव्हल ठेवून वाकला होता आणि साहेब शेजारी उभे राहून सूचना देत होते. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा काही केल्या मधे येईना.

शिवप्पा म्हणाला, "सायेब, जरा दाराकडं जावा की."

साहेब दाराकडे गेले. बुडबुडा मधे आला. साहेब परत आले. बुडबुडा सरकला.

"नव्या पायाची फरशी हाय सायेब," शिवप्पा अगदी अदबीनं म्हणाला. "तिला तुमचा भार सोसंना."

दुसऱ्या दिवसापासून साहेब पहाटे चालायला जाऊ लागले. वर्षाच्या आत किलो-किलोनं उतरले आणि बदली झाल्यावर निरोपाच्या भाषणात त्यांनी शिवप्पाचे आभार मानले. ते भाषण मी लिहून दिलं होतं. शिवप्पाचं नाव त्यात नव्हतं. साहेबांनी ते आयत्या वेळी घातलं.

*

एका पंपाच्या उद्घाटनाची तारीख मोठ्या पाहुण्यांच्या सोयीनं ठरली. सिमेंटची सोय कुणी विचारली नाही. बेडखालचं सिमेंट तीन दिवसांचं, ओलं.

"आज चालवला तर पंप बसणार न्हाय, नाचणार," शिवप्पा म्हणाला.

तेव्हाच्या साहेबांना घाम फुटला. मंडप उभा, हार आलेले, पाहुणे मोडनिंब सोडून निघालेले.

"मग शेजारचा जुना चालवू की," शिवप्पा म्हणाला. "हितं आत उभारल्यावर कुटला चालू हाय, कुणाच्या बापाला कळतंय?"

पाहुण्यांनी नव्या पंपाचं बटण दाबलं. त्याला वायर नव्हती. भिंतीआड शिवप्पानं जुना सुरू केला. पंपहाऊस दणाणलं. पाहुण्यांनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "नव्या मशीनचा आवाजच वेगळा."

फोटोत पाहुणे आहेत, आणि मागून आलेला शिवप्पाही आहे. सूत्रसंचालन माझं होतं. फोटोत माझं कोपर आहे.

*

आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना बाथरूममधून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत यायचं. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. भाषा उत्तम होती. सौभाग्यवतीनं शिवप्पाला फोन केला.

तो आला, मशीनच्या एका पायाखाली चकती सरकवली आणि रुपया काढून झाकणावर उभा केला. मशीन गरगरत होतं, रुपया ढिम्म.

"बसा भाऊजी, गरम भाकरी टाकते," सौभाग्यवती म्हणाली. शेंगाचटणी घरची काढली, खलबत्त्यात कुटलेली. मला दुकानातली असते.

तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "अहो, तुम्हीपण त्याच ऑफिसात आहात ना?"

*

मग मी ठरवलं, याला पकडायचाच. पंपाबरोबर इंग्रजी पुस्तक येतं. ते शिवप्पा वाचू शकत नव्हता, मी वाचू शकत होतो. दोन रविवार घालवून वाचलं. त्यात लिहिलं होतं, लेव्हल उलटी फिरवूनही तपासावी.

सगळ्यांसमोर म्हणालो, "शिवप्पा, लेव्हल फिरवून बघितलीस का?"

"तुमीच बघा की भाऊसाहेब."

मी लेव्हल घट्ट हातात धरली, नीट न्याहाळली, फिरवून ठेवली. बुडबुडा सरळ एका बाजूला. दोन रेघा सरकलेला. मी साहेबांकडे बघितलं. एवढा आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. साहेब घाबरून म्हणाले, "बोल्ट सोडा."

"थांबा," शिवप्पा म्हणाला. "चा घेऊ आधी."

चहा झाला. बुडबुडा मधे येऊन बसला होता.

"लेव्हलला ऊब सोसत न्हाय," शिवप्पा म्हणाला. "भाऊसाहेबांचा हात लई गरम हाय."

पुढं दोन महिने ऑफिसात कुणी फाईल माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "निवू द्या."

*

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात शेवटचा पंप बसला. तपासणीला सगळे जमले. शेजारचे दोन पंप धडधडत होते, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. शिवप्पानं रुपया काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"आज तुमी लावा, भाऊसाहेब."

मी रुपया पंपाच्या पाठीवर टेकवला, श्वास धरला, बोटं सोडली. रुपया उभा राहिला. हलला नाही, थरथरला नाही. शिवप्पाचासुद्धा इतका स्थिर मी कधी पाहिला नव्हता. टाळ्या झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. या वेळी फोटोत मी मधोमध आलो, पूर्ण.

सगळे पेढे खायला बाहेर गेले. मी तिथंच उभा होतो, रुपयाकडे बघत. शिवप्पा स्विचबोर्डापाशी गेला आणि तिथून ओरडला,

"भाऊसाहेब, रुपाया काढून घ्या. पंप चालू करतो."

तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. सौभाग्यवती आल्यागेल्याला दाखवते. शिवप्पाही अधूनमधून येतो, फोटोसमोर उभा राहतो आणि तिला सांगतो, "वयनी, त्या दिवशी पंप लई झ्याक चालला हुता."

मी लगेच तिला सांगतो, "शिवप्पाला अजून एक भाकरी वाढ."