विलासची अट

विलास घाडी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. सकाळपासून मेसेजला उत्तर नव्हतं. वाटलं, पुन्हा अडून बसलाय... पहाटेच हृदयविकाराने तो गेला होता. महिना झाला, चीड काही जात नाही.

परळच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये मी नेटवर्क बघते, तो स्टोरेज बघायचा. रुग्णालयांचे एक्स-रे, रिपोर्ट आमच्याकडे साठवलेले असतात. ती साठवणीची वाहतूक त्याच्या वेगळ्या केबलवरून, बाकी सगळी माझ्या. दोन्ही एकाच नेटवर्कवर आणू, निम्मी कटकट संपेल, असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. त्याचं उत्तर ठरलेलं. "अगो, तुझं डेटाचं पॅकेट गर्दीत हरवलं तर तू परत पाठवशील. तोवर माझी डिस्क अडून, नि तिकडे ऑपरेशनला उभा डॉक्टर कोरा स्क्रीन बघत!" मिटिंगमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीतून असा जीव खायचा, आणि दुपारी माझ्याच डब्यातली भाजी संपवायचा.

गेल्या विसर्जनाला मी लालबागला गेले होते. तो मंडळाचा कार्यकर्ता, मिरवणुकीत दोर धरून उभा. मागून रुग्णवाहिका आली. त्याने आणि इतरांनी दोर ताणून गर्दी एका बाजूला रेटली, गाडी निघून गेली. मी म्हटलं, "बघ, रस्ता एकच आहे ना?" घामाघूम विलास खेकसला, "पण दोर धरायला माणूस नको?"

त्यानंतर मात्र तो तयार झाला. अट एकच: त्या एका नेटवर्कवर साठवणीसाठी वेगळी पट्टी राखायची, कितीही गर्दी झाली तरी तीत कुणी घुसायचं नाही. आराखडा आम्ही दोघांनी मिळून केला. आणि हा गेला. एवढी वर्षं नाही म्हणालास, हो म्हटल्यावर तरी थांबायचंस की रे!

परवा मिटिंग झाली. साहेब म्हणाले, "राखीव पट्टीचं नंतर बघू, आधी दोन्ही नेटवर्क जोडून टाका." विलासच्या जागी आलेल्याने लगेच मान डोलावली. एकदाचं मॅडमच्या मनासारखं होतंय म्हणून सगळे माझ्याकडे हसून बघत होते. माझं डोकं फिरलं होतं.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं, आणि सवयीने सगळे खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले. तिच्यावर आता प्रोजेक्टरचा खोका ठेवलाय.

मी म्हटलं, "माझी आहे."