राखणदाराचं नाव

मालवणात खाडीकाठी रुग्णालयाची नवी इमारत होणार होती आणि तिच्या पायाच्या कामावर इंजिनियर मीच होते. तिथे डायलिसिसची सोय होणार होती. माझे बाबा डायलिसिससाठी दिवसाआड एसटीने कुडाळला जात. परतताना त्यांना धड बसवत नसे. त्यामुळे ती इमारत मला घरचीच वाटायची.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम सुरू होत नाही. हातोड्याने ठोकून जमिनीत उतरवलेल्या पोलादी खांबावर भार देऊन बघायचा होता, त्या सकाळी गाऱ्हाणं घालायला मेस्त्रीने बाबांनाच बोलावलं. गावात तो मान त्यांचाच. नारळ धरून, धापा टाकत ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हेच्यार जो भार पडतलो, तो सोसून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

खांबाच्या डोक्यावर मचाण, मचाणावर वाळूच्या गोणी, मधे जॅक. आम्ही टप्प्याटप्प्याने दाब वाढवत गेलो. चांगला खांब थोडा बसतो आणि थांबतो. हा मेला थांबेचना. डायलवरचा काटा सरकतच राहिला. मी खाडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि नापास लिहून सही केली. आता नवा आराखडा, नवी मंजुरी, नव्याने सगळं. बाबांच्या हातात तेवढा वेळ नव्हता.

"माझ्याकडसून राखणदाराचा नाव रवला गो," घरी बाबा म्हणाले. राखणदार म्हणजे त्या जागेचा धनी. गाऱ्हाण्यात त्याला आधी हाक मारायची, तीच त्यांच्याकडून राहून गेली होती. मी परोपरीने सांगितलं, खाली चिखल आहे, खांब कातळापर्यंत पोचलाच नव्हता.

"चिखल काय आज इलो?" एवढंच बोलून ते भिंतीकडे वळले. त्यानंतर त्यांनी गावातही कधी गाऱ्हाणं घातलं नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले.

पुढे लांब खांब आणले, कातळापर्यंत ठोकले. या वेळी मेस्त्रीनेच गाऱ्हाणं घातलं. माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघालं नाही. दाब चढला, काटा जरासा सरकला आणि थांबला.

"ह्या टायमाक राखणदाराचा नाव पयला घेतलंय, म्हणान," माझ्या हातावर पेढा ठेवत मेस्त्री म्हणाला.

बाबांनीही हेच म्हटलं असतं. ते हे बघायला नाहीत ते बरं झालं, असं मला त्या दिवशी वाटलं.