मागची काठी माझ्याकडे होती

शारजातल्या आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलची टीम होती, असं सांगितलं की लोक हसतात. हसा. अमेरिकेहून आलेल्या गणिताच्या सरांनी ती उभी केली आणि त्या हिवाळ्यात आमची मुलं शेवटच्या मॅचपर्यंत चषकाच्या शर्यतीत होती. मी ते मैदानावरून पाहिलं. प्रेक्षकांतून नाही, मैदानावरून. ती जागा मला कुणी दिली नव्हती, मी मिळवली होती.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर बॉल समोरच्यांकडे जातो. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि मधे साखळी. धरणारी माणसं यजमान कॉलेजची, पण त्यांनी कुणाचीच बाजू घ्यायची नाही. हे काम अर्थातच मुलांकडे होतं! दुसऱ्याच मॅचला आमच्या टीमने बॉल पळवला आणि मागची काठी सांभाळणारे महाशय काठी टाकून नाचायला धावले. मोजणी जिथून सुरू करायची ती खूण गेली. पाहुणे भांडले, आणि बरोबरच भांडले.

दुसऱ्या दिवशी मी एक पान लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि कॅन्टीनमध्ये टेबलाटेबलावर ठेवल्या. काठी धरायला मिशा लागतात का, एवढाच सवाल. मजकूर इंग्रजीत होता, राग मराठीत.

स्पोर्ट्स ऑफिसरनी बोलावून घेतलं. "बेटा, लड़कियाँ ग्राउंड पर? धूप में काली हो जाओगी."

"सर, काली तो मैं पहले से हूँ."

ते हसले. मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना साखळीचं काम मिळालं, पण अट घालून. "एक भी कंप्लेंट आई, तो खलास. फिर कोई लड़की नहीं."

एकही आली नाही, शेवटच्या मॅचपर्यंत. समोर अबुधाबीची टीम. आम्ही चार पॉइंटने मागे, शेवटचं मिनिट, चौथा प्रयत्न. आमचा कॅप्टन, मूळ रत्नागिरीकडचा, बॉल छातीशी धरून घुसला आणि सात-आठ जणांच्या ढिगाखाली गेला. दहा यार्ड झाले की नाही? रेफरीने साखळी आत मागवली.

पुढच्या काठीपाशी सगळे जमले. मागच्या काठीपाशी मी एकटी. मी मागे सरकले असते, तर साखळीबरोबर पुढची काठीही मागे आली असती आणि बॉल आमचाच राहिला असता. कॅप्टन बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने माझ्याजवळ वाकला.

"वीतभर मागं घे गो. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तू कुठल्या कॉलेजची गो?"

"तुझ्याच. ऊठ आता."

साखळी ताणली. बॉल चार बोटं कमी पडला. मॅच गेली, चषक अबुधाबीला गेला. "मुलींना आणलं की असंच होणार," कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं. काठी टाकून मुलगा नाचला, तेव्हा "मुलांना आणलं की असंच होणार," असं कुणी म्हणालं नव्हतं. मी लक्ष ठेवून होते.

टीमने कॅप्टनला तक्रार करायला धाडलं. ऑफिसरनी मलाही समोर उभं केलं. आता तक्रारीचा एक कागद, आणि पुढच्या वर्षी मैदानावर एकही मुलगी नाही.

"लड़की ने क्या किया? काठी हिलाई?"

"नहीं हिलाई, सर," कॅप्टन म्हणाला. "वही तो कंप्लेंट है."

ऑफिसरनी पेनाचं टोपण लावलं. "यह मैं कैसे लिखूँ? जाओ, दोनों जाओ. यल्ला."

पुढच्या वर्षीच्या यादीत साखळीपुढे आम्हा तिघींची नावं राहिली. त्या दिवशी ऑफिसबाहेर जिन्यात कॅप्टन माझ्या बरोबरीने उतरत होता.

"पुढच्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला. शेवटचा सीझन माझा. तेव्हा तरी हलवशील?"

"तेव्हाही नाही."

"मग मलाच जोरात पळायला लागंल गो."

"पळ की," मी म्हटलं.