सरळ वर जाणारी रेघ

सोलापुरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना हृदयाच्या एका आकृतीनं माझं डोकं उठवलं होतं. आडवं मोजायचं कप्प्यातलं रक्त, उभा मोजायचा दाब, आणि मधे एक चौकोनी फेरा. त्याची उजवी रेघ सरळ वर जायची. म्हणजे दाब वाढतोय आणि रक्त मात्र तेवढंच! दाबलं की बाहेर यायला नको? मॅडम म्हणाल्या, "तेव्हा कप्प्यात रक्त आणणारी आणि बाहेर सोडणारी, दोन्ही झडपा बंद असतात." मी मान डोलावली. कळलं काहीच नाही.

सुट्टीत मंगळवेढ्याजवळ आमच्या गावी गेले आणि सकाळी शेळीची धार काढायला बसले. दूध परत कासेत जाऊ नये म्हणून अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं सड वरून आवळला, मग बाकीची बोटं मिटली. सडाचं तोंड अजून मिटलेलंच, क्षणभर थेंबही आला नाही, सड नुसता टणक झाला. मग धार सुटली. ही तर तीच रेघ!

पण मग डावीकडची, सरळ खाली येणारी रेघ कुठली? तेव्हाही झडपा बंदच म्हणे. मी सड तसाच आवळून विचार करत राहिले. "ही रेघ काही कळेना!" मी मोठ्यानंच म्हणाले.

शेळीनं लाथ झाडली. भांडं उपडं झालं. आई गोठ्यातनं ओरडली, "तुला कळंना म्हणून तिला का धरून बसलीस? हात सोड की! आधी सैल सोडल्याबिगर सड परत भरंल कसा?"