कव्हरवरचा डावखुरा

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि आर्वीच्या एसटी स्टँडवर पेपर-मासिकांचा स्टॉल लावून मला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं वाचणं मथळ्यांवरून शिकलो, म्हणून मोठी अक्षरं मला झटकन लागतात आणि बारीक अक्षरांवर माझा भरवसा नाही. बारीक अक्षरात लोक तेच लिहितात, जे आपण वाचू नये असं त्यांना वाटतं.

नागपूरहून एक संगीताचं मासिक यायचं. संपादक स्वतःच गठ्ठा घेऊन यायचा. चाळिशीचा माणूस, खांद्याला झोळी, दर वाक्यानंतर हसायचा. कारण नसताना हसणाऱ्याला मी दोन हात दूरच ठेवतो. मासिक काही खपत नव्हतं. एकदा त्यानं विचारलं, "काका, लोक घेत का नाहीत?"

"कव्हर पाहा ना तुमचं," मी म्हटलं. "चहाच्या रंगाचं. त्यावर तंबोरा, तोही भिंतीला टेकवलेला. जसं घरी कोणी नाईच."

मग मी त्याला सांगितलं. दोरीवर मासिकं एकावर एक चढतात, दिसतो तो फक्त वरचा भाग. नाव आणि डोळे तिथंच पाहिजेत. बस लागेपर्यंत माणूस उभा राहतो, तेवढ्यात त्याची नजर धरली तर धरली. रंग लाल नाहीतर हळदीसारखा. आणि चेहरा पान उघडतं त्या बाजूला पाहत असावा, म्हणजे घेणाऱ्याचा हात आपसूक तिकडं जातो. पाठीकडं, म्हणजे पिना मारलेल्या कडेकडं, पाहणारा चेहरा गिऱ्हाइकाला घेऊन मासिकाच्या बाहेर निघून जातो.

त्यानं झोळीतून वही काढली आणि लिहायला लागला.

पुढच्या खेपेला येताना तो कोणाकडून तरी ऐकून आला की मी भजनी मंडळात खंजेरी वाजवतो. म्हणाला, "काका, या वेळी कव्हरवर तुम्हीच."

मला त्याचा डाव लगेच दिसला. माझं तोंड छापायचं आणि माझ्याच गावात अंक खपवायचा. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. तो हसला. पण नाकारलं नाही. तरी मी हो म्हटलं, कारण मंडळात दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर मला ते सहन झालं नसतं. हे आज लिहितो, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

फोटो मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर काढला. त्याच्याजवळ लाल फेटा होता. मी म्हटलं, डोक्यावर माझी पांढरी टोपीच राहील, फेटा तुम्ही बांधा. आठ दिवसांनी त्यानं कव्हर मोबाइलवर पाठवलं. मी निरखून पाहिलं. टोपी माझी, मिश्या माझ्या, रंग हळदीसारखा. कळवलं, बराबर आहे.

गठ्ठा आला त्या दुपारी एक अंक घरी नेला. बायकोनं तो हातात घेतला आणि म्हणाली, "अजी, हे तुमी नोहे."

"काऊन वं? डोळ्याले कमी दिसून राह्यलं का तुले?"

"तुमच्यावानी दिसते, पण तुमी नोहे. पन्नास वर्षं झाली, समोर बसून जेवता तुमी माह्या. मले नाई कळणार?"

मला राग आला. अंक काखेत मारला आणि दिवेलागणीला भजनाला गेलो. मंडळी ओट्यावर जमली होती. अंक आधी पेटीवाल्याच्या हाती दिला.

हा पेटीवाला माझ्याच वयाचा. विशीत असताना तो खंजेरी शिकायलाच आला होता, पण थाप डाव्या हातानं मारायचा. आमच्या मंडळाचा रिवाज असा की खंजेरी डाव्या हातात आणि थाप उजव्याची. हे रिवाज सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. मी त्याला चारचौघांत म्हटलं होतं, "हात बदल, नाहीतर पेटीवर बस." तो पेटीवर बसला. तेव्हापासून कितीतरी पोरांना मी तसंच उठवलं. मंडळात माझा शब्द चालतो तो यावरच.

त्यानं अंक जवळ धरला, दूर धरला. "काबे, हा तू हायेस का?"

"मंग कोन? तुहा बाप?"

"थाप पाह्य कोनत्या हाताची हाये."

मी पाहिलं. खंजेरी उजव्या हातात होती. थाप डाव्याची.

"वा रे वा!" तो मोठ्यानं म्हणाला. "पन्नास वर्षं मले पेटीवर बसवलं. मी म्हटलं, रिवाज असन बाप्पा. आन हा बुढा चोरून डाव्यानंच वाजवून राह्यला होता!"

सगळे हसले. तो हसला नाही. पेटीचा भाता लावला आणि उठून घरी गेला. त्या दिवशीचं भजन पेटीशिवाय झालं.

माझा हात तोडून दुसऱ्याचा लावला, असंच मला वाटलं. घरी येऊन बायकोपुढं अंक आपटला. तिनं तो माझ्या दाढीच्या आरशासमोर धरला. आरशात नावाची अक्षरं उलटी दिसत होती, पण थाप उजव्याची होती.

"हे पाहा, हे तुमी," ती म्हणाली. "तुमी सोताले फक्त आरशात पाह्यता. म्हणून तुमाले ते बराबर वाटलं."

संपादकाला फोन लावला. चांगला खडसावला. तो म्हणाला, "काका, फोटो कॉम्प्युटरवर आरशासारखा फिरवला. तुमचा चेहरा पाठीकडं जात होता. पान उघडतं तिकडं पाहावं, हे तुम्हीच सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे."

मी फोन ठेवून दिला. ज्याच्यावर पहिल्यापासून संशय होता, त्यानं माझंच ऐकलं होतं.

पण मला दुसरंच खटकत होतं. अंक मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्या डावखुऱ्याची थाप कुठंच खोटी वाटत नव्हती. बोटं जिथं पडायला हवीत तिथंच पडत होती. मग पेटीवाल्याची तेव्हा कशी पडत होती? मला आठवेना. मी हात पाहिला होता, ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंक सगळ्यात वरच्या दोरीला लावला. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा, पहिली बस लागायच्या वेळी स्टॉल झाकला आणि खंजेरी घेऊन पेटीवाल्याच्या घरी गेलो.

"वाजवून दाखव. डाव्यानं."

"काऊन? आज का नवीन झालं?" त्यानं माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं. "कोनाकोनाले घेऊन आला हसाले?"

"कोनी नाई. मले आयकाचं हाये."

त्याचा विश्वास बसला नाही. मी दार लोटून घेतलं आणि खंजेरी त्याच्या उजव्या हातात दिली.