एक तारखेचा फोन

आमच्या ऑफिसात एक बोलणं ठरलेलं होतं: शितोळे एक वेळ खोटं बोलतील, पण शितोळ्यांची यादी बोलणार नाही. मी सव्वीस वर्षं विश्वासराव शितोळ्यांच्या शेजारच्या खोलीत बसून टेलिफोनच्या तक्रारी लिहून घेतल्या. त्यामुळे सांगते, यादी तर सोडाच, माणूसही कधी खोटं बोलला नाही. अशा माणसाबरोबर नोकरी करणं सोपं नसतं.

ऑफिस ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, महाराज बाडा चौकापासून पाच मिनिटांच्या वाटेवर. ग्वाल्हेरातल्या प्रत्येक टेलिफोनची कुंडली विश्वासरावांच्या कम्प्युटरात होती. कुठल्या गल्लीतली पेटी, पेटीतलं कितवं कार्ड, कार्डावरचा कितवा पोर्ट आणि त्या पोर्टावर कुणाचा नंबर. लाईनमन उन्हातून तार बदलून यायचा आणि यादीत लिहायचा कंटाळा करायचा, पण विश्वासराव त्याला आधी लिहायला लावत आणि मग डबा उघडू देत. मशीनात एक आणि रस्त्यावर दुसरं असं त्यांना चालायचं नाही. पणजोबा फौजेत घोडेस्वार होते म्हणे. घोडा गेला, तलवार गेली, मानेतला ताठा तेवढा यांच्या वाट्याला आला, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. ते नुसते हसायचे.

गंमत म्हणजे जन्म टेलिफोनात गेला आणि या माणसाला फोनवर बोलता येत नसे. मुलगी अपर्णा पुण्याहून फोन करायची, तेव्हा यांचे तीनच शब्द: हो, बरं, ठेवतो.

इंदुताई सुर्व्यांची ओळख मात्र माझ्या खिडकीवर झाली. बिर्लानगरमध्ये गिरणीच्या जुन्या क्वार्टरांपैकी दोन खोल्यांत त्या राहात. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर कुठे कुठे पहारेकरी राहिला. एकुलता एक मुलगा ध्रुव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला. निकालाच्या दिवशी बापाने गल्लीसमोर सांगितलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बापाचं एकही वाक्य न ऐकणाऱ्या मुलाने नेमकं तेवढं ऐकलं. पोलिसात फोटो दिला, इंदूर-झाशीचे नातेवाईक पालथे घातले, काही हाती लागलं नाही. पुढे नवराही वारला. त्यानंतर एकदा रस्ता खोदताना त्यांची लाईन तुटली, तेव्हा त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि चार दिवस रोज आल्या. भाचीने दिलेला मोबाईल त्यांच्या हातात होता. मी म्हटलं, ताई, मोबाईल आहे तर एवढी घाई कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं, मुलाला घरचा हा एकच नंबर पाठ आहे.

मागे विश्वासराव उभे होते. ते त्याच दुपारी स्वतः बिर्लानगरला गेले आणि लाईन जोडून आले. निघताना, मी नोकरीत आहे तोवर हा नंबर जाणार नाही, असं बोलूनही आले.

बोलणं सोपं असतं. इंदुताई त्या फोनवरून कधी कुणाला फोन लावायच्या नाहीत, कारण नेमकी तेव्हाच ध्रुवला लाईन बिझी मिळाली तर? आणि आमच्याकडे तर सहा महिने ज्या पोर्टावर हालचाल नाही, तो पोर्ट बंदच्या यादीत जायचा. यावर विश्वासरावांनी नियमातला उपाय काढला. त्यांच्या कम्प्युटरावर लाईन तपासायची एक सोय होती. नंबर निवडून कळ दाबली की तिकडे घंटी वाजे. कुणी उचललं की मशीन दहा-बारा सेकंद तार मोजून आपोआप बंद होई आणि पोर्टासमोर त्या दिवसाची तारीख पडे. ऐकायला-बोलायला त्यात काही नव्हतं, पडद्यावर फक्त ‘उचलला’ एवढं दिसायचं. सगळ्या शहरातल्या थोड्या थोड्या लाईनी ते तसेही तपासतच. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी अकरा वाजता, त्यात बिर्लानगरची ही एक लाईन नेमाने असू लागली. सात वर्षं हे चाललं. मला माहीत होतं, इंदुताईंना कुणी सांगितलं नव्हतं. उपकार केल्यासारखं होईल, असं यांचं म्हणणं.

मग गेल्या वर्षी वरून हुकूम आला की शहरभरच्या तांब्याच्या तारा काढून फायबर टाकायचं. त्यासाठी डिझाइनवाल्या कंपनीची हेमांगी नावाची इंजिनियर इंदूरहून आली. कुठल्या गल्लीत किती फायबर, पेटी कुठे, हे ती आधी कम्प्युटरात मांडून बघणार होती. त्याला ती मॉडेल म्हणे. त्या मॉडेलला आमच्या कम्प्युटरातली सगळी माहिती काढून द्यायची होती, पण सगळीच नाही. ज्या लाईनीवरून गेल्या सहा महिन्यांत गिऱ्हाइकाने स्वतः एक तरी फोन लावला आहे, तेवढ्याच ओळी. येणारे फोन धरायचे नाहीत, कारण त्यातले निम्मे जाहिरातीचे आणि रॉन्ग नंबरचे. जी ओळ गाळली, ते घर मॉडेलला दिसणार नाही, आणि जे घर मॉडेलला दिसत नाही तिथला नंबर संपला. पुन्हा अर्ज केला तर फोन मिळेल, नंबर नवा.

विश्वासरावांनी तीन दिवस बसून माहिती काढली. साडेनऊ हजार ओळी राहिल्या, चार हजार गळल्या. गळलेल्यांत ती होती: बिर्लानगर, पेटी सात, कार्ड चार, पोर्ट एकोणीस.

मी सरळ म्हटलं, एका रकान्यात शून्याच्या जागी एक लिहा, कोण बघतंय? ते म्हणाले, “सुधाताई, एका ओळीत खोटं लिहिलं की बाकीच्या साडेनऊ हजार ओळींना खरं कोण म्हणेल?” वाद घालण्यात अर्थ नव्हता, मग ते हेमांगीकडे गेले. पोरगी वाईट नव्हती. ती म्हणाली, “काका, मी रूल नाही बदलू शकत, ऊपर से आया है। पण त्यांनी एक फोन लावून दिला ना, तर ओळ आपल्याआप येऊन जाईल. मी परवा लिस्ट घेऊन जाणार, तब तक करवा लो।” एवढंच होतं. एक फोन लावायचा, कुणालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं टेंपोत बसून बिर्लानगरला गेलो. एवढ्या साध्या कामाला मी कशाला गेले, तर विश्वासरावांना बायामाणसांशी बोलायला कुणीतरी बरोबर लागे. वाटेत ते खुशीत होते. मार्चमध्ये निवृत्ती होती, आणि दिलेला शब्द तोवर टिकणार होता.

इंदुताई न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून बसल्या होत्या. फोन स्टुलावर, त्यावर विणलेला रुमाल, शेजारी खुर्ची. आम्हाला चहा दिला, पण स्वतः त्या खुर्चीवरून हलेनात. विश्वासरावांनी सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लावते की. पण अकरा वाजून जाऊ द्या. एक तारीख आहे न आज. ध्रुवचा फोन येतो.”

मी खुळी, मला आधी आनंदच झाला. मुलगा सापडला म्हणून मी त्यांचा हात धरायला पुढे झाले आणि तेवढ्यात माझं लक्ष विश्वासरावांकडे गेलं. त्यांनी कप खाली ठेवला होता.

“बोलत काही नाही तो,” इंदुताई सांगत होत्या. “मी उचलते, दहा-बारा सेकंद असतो, मग ठेवून देतो. बापावरचा राग अजून गेला नाही त्याचा. पण ऐकतो. मी पटापट सगळं सांगून टाकते. हे गेले ते पण तसंच, पहिल्याच फोनात सांगितलं. त्या दिवशी जरा जास्त वेळ थांबला होता, मला तर असंच वाटलं.” एवढी वर्षं कुणाजवळ बोलल्या नाहीत, नजर लागते म्हणून, असंही त्या म्हणाल्या. आता आम्ही आपले म्हणून सांगितलं.

अकराला पाच कमी होती. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. ज्या हाताने तो वाजायचा तो हात विश्वासरावांच्या गुडघ्यावर होता.

अकरा वाजले, दहा मिनिटं झाली. इंदुताईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि चटका बसावा तसा परत ठेवला. लाईन तर चालू होती. सव्वाअकरा झाले तेव्हा त्यांचा आवाज बदलला. सात वर्षांत असं कधी नाही झालं, म्हणाल्या, आजारी तर नाही पडला? विश्वासरावांनी एकदा म्हणून पाहिलं, की तुम्ही तुमचा फोन लावून घ्या, तो करेल मागाहून. त्यांनी मानच हलवली. आता तर मुळीच लावणार नव्हत्या, उशिरा का होईना तो लावत असेल आणि बिझी मिळेल.

विश्वासराव उठून बाहेर ओट्यावर आले. मी त्यांच्या मागे. मी हळूच म्हटलं, तुमच्या खिशात मोबाईल आहे. इथून नंबर लावा, दहा सेकंद गप्प राहा, ठेवून द्या. गप्प राहायला तर तुम्हाला शिकवायला नको. त्या निवांत होतील, मग स्वतः फोन लावतील, नंबरही वाचेल आणि मुलगाही. त्यांनी मोबाईल काढला. नंबर त्यांना पाठ होता, सगळे आकडे दाबले. हिरव्या बटणावर अंगठा धरून ते बराच वेळ उभे राहिले.

“आजपर्यंत मला माहीत नव्हतं, सुधाताई. आता आहे,” ते म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकून आत गेले.

त्यांच्या जागी मी असते तर फोन केला असता. आजही हेच म्हणते. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की मी ओट्यावरच थांबणार होते. पण इंदुताईंना त्यांच्यासोबत एकटं सोडवेना.

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. “इंदुताई, तो फोन मी करत होतो. ऑफिसातून. तुमची लाईन बंद पडू नये म्हणून.”

त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “सगळे?”

“सगळे.”

“मग मी बोलले ते तुम्ही ऐकलं?”

“नाही. त्या मशीनला ऐकायला काही नसतं. कुणीच नाही ऐकलं.”

इंदुताई फोनवरचा रुमाल सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बाप गेला हे त्याला माहीतच नाही.”

मला रडू आलं आणि मी रडले. ज्या बाईचं दुःख तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, याची मला अजून लाज वाटते.

मग इंदुताईंनी विश्वासरावांना त्यांचा मोबाईल नंबर विचारला. एकेक आकडा ऐकून त्या लावत गेल्या. घरातल्या त्या फोनवरून लागलेला कित्येक वर्षांतला तो पहिला फोन असेल. चार हातांवर, विश्वासरावांच्या खिशात घंटी वाजली. त्यांनी मोबाईल कानाला लावला. समोरासमोर बसून इंदुताई रिसीव्हरमध्ये बोलल्या, भिंतीकडे बघत.

“विश्वासराव, लाईन राहू द्या. तुम्ही मात्र आता फोन नका करू. वाजला तर तो त्याचाच वाजू दे.”

“हो,” ते म्हणाले. “बरं.” तिसरा शब्द त्यांच्याने निघाला नाही. फोन शेवटी इंदुताईंनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी हेमांगी यादी घेऊन गेली, त्यात पोर्ट एकोणीस होता. तिच्या मॉडेलमध्ये बिर्लानगरच्या त्या गल्लीत एक बारीक रेघ आली आणि पावसाळ्यानंतर खरोखरचं फायबरही आलं. नंबर तोच राहिला. विश्वासराव मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्या यादीचं कौतुक केलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मी त्यांना कधी विचारलं नाही, की त्यांनी बरोबर केलं असं त्यांना वाटतं का. इतक्या वर्षांत एवढा एकच प्रश्न मी गिळला आहे.

त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे, माझीही दोन वर्षं उरली आहेत. अधूनमधून मी ती ओळ उघडते. आलेल्या फोनांचा रकाना त्या दिवसापासून कोरा आहे. लावलेल्यांत दर महिन्याला एक फोन दिसतो, एक तारखेचा, विश्वासरावांच्या मोबाईलवर. त्यात काय बोलणं होतं ते विश्वासरावांनीच एकदा सांगितलं. इंदुताई विचारतात, लाईन चालू आहे न? ते म्हणतात, हो. हा फोन इंदुताई सकाळी नऊ वाजताच उरकून घेतात. अकरा वाजता त्यांना लाईन मोकळी लागते.